अणुभट्टी पाडायची कुणी?

"आकडा तेवढा बसवून द्या," हे वाक्य कचेरीत कधी ऐकलं नाही असा नोकरदार माणूस विरळाच! साहेब ते हसून म्हणतात, खांद्यावर हात ठेवून म्हणतात, कधी कॉफी पाजून म्हणतात. आणि आपणही मान डोलावतो. नियमात बसतंय ना, मग आपलं काय जातं?

रायमर बोयेन्सनेही अशीच मान डोलावत नोकरीची वीस वर्षं काढली होती. हॅम्बुर्गच्या एका वीज कंपनीत तो हिशेब खात्यात होता. कंपनीचं एक जुनं अणुवीज केंद्र होतं, ओस्टरकोग नावाच्या गावी, एल्ब नदी समुद्राला मिळते तिथे. तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं होतं. आता अणुवीज केंद्र बंद झालं म्हणजे संपलं, असं नसतं. नुसतं कुलूप लावून घरी जाता येत नाही. भट्टी कापून, धुऊन, पेट्यांत भरून हळूहळू पाडावी लागते, आणि तिच्या पोटातला किरणोत्सर्गी कचरा पुढच्या कित्येक पिढ्यांनी सांभाळायचा असतो. म्हणून वीज विकून पैसा येत असतो तेव्हाच या खर्चाची तरतूद करायची, असा दंडक आहे. ती तरतूद दरवर्षी ताळेबंदात मांडणं, हेच रायमरचं काम.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अर्थप्रमुख डॉक्टर विटॉर्फ यांनी त्याला बोलावून घेतलं.

"बसा बोयेन्स. ओस्टरकोगची भट्टी आत्ता पाडायची नाही, असं ठरतंय. दारं बंद करू, पहारा ठेवू, तीस वर्षांनी बघू. तोवर किरणोत्सर्गही थोडा उतरेल. व्याजाचा दर जरा वरचा धरा. किती होतात?"

रायमरला कागद लागला नाही. "आज पाडायला चार अब्ज युरो लागतात. तीस वर्षं पुढे ढकललं आणि पावणेपाच टक्के धरले, तर आज एकच अब्ज मांडावा लागेल. तो वाढत वाढत तीस वर्षांनी चार होतो."

"म्हणजे तीन सुटले!" साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली.

"पण साहेब, इंजिनियर लोक म्हणताहेत आत्ताच पाडा. ज्यांनी ती भट्टी चालवली, कुठला नळ कुठे जातो हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं साठीला आलीत."

"इंजिनियर नेहमी काहीतरी म्हणत असतात. ऑडिटरांशी बोललोय मी. दर नियमात बसतो." मग ते पुढे झुकले. "खरी गोष्ट पुढेच आहे. ती भट्टी, तिचा कचरा आणि तो एक अब्ज, असं गाठोडं बांधून आपण एक वेगळी कंपनी काढतोय. सुटलेल्या तिनांतून भागधारकांना घसघशीत लाभांश, उरलेल्यात पवनचक्क्या. सगळे खूश! फक्त कंपनी वेगळी काढायला तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि किनाऱ्यावरच्या गावांकडे मिळून कंपनीचे जवळजवळ एक तृतीयांश भाग, म्हणजे शेअर, आहेत."

हे रायमरला माहीत होतं. भट्टी बांधताना गावांना खूश ठेवायला हे भाग दिले होते. गावं दरवर्षी लाभांश घेत आणि कंपनी सांगेल तिथे हात वर करत.

"किनारा सगळा ओस्टरकोगकडे बघतोय, भट्टी त्यांच्या दारात आहे ना. ते हो म्हणाले की बाकीचे हो म्हणणार. आणि तुम्ही तर तिथलेच! जा, समजवा त्यांना." साहेब उठले. "नव्या कंपनीला हिशेबप्रमुख लागेलच. माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आहे."

संध्याकाळी घरी बायकोने, मारेनने, ही बातमी ऐकली आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"बढती मिळाली की माणसं बाटली उघडतात. तू सुतकात बसल्यासारखा काय बसलायस?"

"तसं काही नाही गं. सगळं नियमात बसतं."

"नियमाचं मी कुठे विचारलं?" मारेन म्हणाली आणि वह्या तपासायला निघून गेली. ती शाळेत शिकवायची, पोरांची अशी उत्तरं तिला रोजची होती.

गावची सभा मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी ठरली. त्याच दिवशी सकाळी ओस्टरकोगला समुद्राकडच्या बांधाची पाहणी होती. रायमर आदल्या दिवशीच टेल्से मावशीकडे जाऊन राहिला. टेल्से मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, शेतकी कॉलेजची पदवीधर, कोबीची शेती आणि मेंढ्या, आणि गेली बारा वर्षं समुद्रबांध संघाची प्रमुख. ओस्टरकोगची निम्मी जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. बांध आहे म्हणून गाव आहे. त्यामुळे सरपंचापेक्षा बांधप्रमुखाचा दरारा मोठा.

"आलास? बूट आणलेस ना रबरी? का हॅम्बुर्गात सगळे चकचकीतच घालतात?" हे तिचं स्वागत. रात्री तिने कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा केला, त्याला पोटभर वाढला आणि कामाचं एक अक्षरही विचारलं नाही. रायमरला त्याचाच जास्त धसका वाटला.

सकाळी वारा असा होता की माणूस तिरका होऊन चालावा. बांधसंघाची दहाबारा माणसं बांधावरून रांगेने निघाली. टेल्से मावशी पुढे. ती मधेच थांबायची, टाचेने गवत दाबून बघायची, मान हलवायची किंवा नुसतीच "हं" म्हणायची. हिनर्क स्ट्रुव्हच्या चराऊ पट्ट्यापाशी ती थांबली ती हललीच नाही. मेंढ्यांनी बांधाचा उतार तुडवून माती उघडी पाडली होती.

"हिनर्क, हे काय?"

हिनर्क तिच्याच वयाचा, गावातला नावाजलेला कुरकुऱ्या. "दिसतंय मला. शरदात करतो. आत्ता कोबीची रोपं घालायची आहेत, माणसं कुठून आणू?"

"कोबीला माणसं आहेत, बांधाला नाहीत?"

"अगं, समुद्र काय उद्या येतोय का?"

"यायच्या आधी तो तुला विचारून येणार आहे का? या आठवड्यात माती टाकून गवत लाव. नाहीतर संघ लावील आणि पैसे तुझ्याकडून घेईल."

लोक हसले. हिनर्कने टोपी कपाळावर ओढली आणि पुटपुटला, "या बाईचं लग्न समुद्राशीच लागलंय!"

रांग पुढे गेली. मावशी मुद्दाम मागे राहिली आणि रायमरला तिच्याबरोबर मागे राहावंच लागलं. समोर सपाट शेतांच्या पलीकडे भट्टीचा करडा घुमट होता. शेजारी काँक्रीटची लांबलचक बिनखिडक्यांची इमारत. वापरलेलं इंधन पोलादी पिंपांतून तिथेच ठेवलेलं, "तात्पुरतं". कायमची जागा देशाला अजून सापडलेली नाही.

"तुमची योजना छापून आली तशी मी वाचली," मावशी म्हणाली. "चाराचं एक कसं झालं रे?"

रायमरने समजावायला सुरुवात केली. तिने हात वर केला.

"चक्रवाढ व्याज मला येतं. एकाचे चार होतात, कबूल. पण तो एक अब्ज आहे कुठे? कुठल्या बँकेत?"

"तसा तो बँकेत नसतो मावशी. ताळेबंदात असतो. पैसा कंपनीच्या धंद्यात गुंतलेला असतो."

"म्हणजे नाही."

"आहे गं. पण असा—"

"धंदा बुडाला तर?"

रायमरने कोटाची कॉलर वर केली.

"बरं, तीस वर्षांनी भट्टी पाडायला चारच अब्ज लागतील? मजुरी वाढणार नाही? मागच्या वर्षी तू छप्पर बदललंस. तो गवंडी तीस वर्षांपूर्वीच्या मजुरीत आला होता का?"

"खर्चवाढ आम्ही... जरा कमी धरलीय."

"किती कमी?"

"जवळजवळ नाहीच."

मावशीने वाऱ्याकडे पाठ केली. मग म्हणाली, "ह्या किनाऱ्यावर जुना कायदा होता. ज्याची जमीन, त्याचा बांध. बांध राखणं ज्याला झेपलं नाही, त्याने आपलं कुदळफावडं बांधात रोवायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गावाबाहेर पडायचं. जो ते फावडं उपटेल, त्याची ती जमीन आणि त्याचाच तो बांध. क्रूर होता कायदा. माझ्या पणजोबांच्या भावाने असं गाव सोडलं. पण एक गोष्ट त्या लोकांना पक्की कळली होती. जमीन एकाने खायची आणि बांध दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा, असं केलं की सगळेच बुडतात. तुमचे साहेब नेमकं तेच करताहेत. पीक घरात नेलं आणि बांध वेगळ्या कंपनीच्या नावावर!"

"मावशी, तू आता चळवळीवाल्यांसारखी बोलायला लागलीस."

"मी? अरे, भट्टी आली तेव्हा तिच्या बाजूने मीच हात वर केला होता. आजही मी म्हणत नाही की बांधली ती चूक. तीस वर्षं त्या विजेवर दिवे लावले, त्या पैशावर शाळा बांधली, पोहण्याचा तलाव बांधला. जेवलो आपण पोटभर. म्हणून तर म्हणते, भांडी घासायला शेजाऱ्याच्या नातवाला कशाला बोलवायचं?"

"मग मी काय करू? नोकरी सोडू?"

"ते मला विचारू नकोस. मी तुझी मावशी आहे, तुझ्या पोटावर पाय यावा असं मला वाटेल का? दुपारी सभेत कुणीतरी तुला एखादा साधा प्रश्न विचारेल. खरं उत्तर तुला ठाऊक असेल. ते देशील की नाही, एवढंच मी बघणार आहे."

सभा अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होती. बंब बाहेर काढून बाकं मांडली होती. कॉफी होती, लोण्याचा केक होता, आणि जवळजवळ सगळा गाव होता. मत अकरा पंचांचं, पण ऐकायला सगळे.

सरपंच आंके ही चाळिशीची, दोन मुलांची आई, तडफदार बाई. तिने आडपडदा ठेवला नाही. "भट्टी बंद झाली आणि गावाला मिळणारा कर थांबला. तलाव दोन हिवाळे कोरडा आहे. आपली मुलं समुद्राकाठी राहतात आणि त्यांना पोहता येत नाही! मागच्या उन्हाळ्यात खाडीत एक मूल बुडता बुडता वाचलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. या योजनेतला लाभांश आला तर तलाव पुन्हा भरता येईल. रायमर आपला माणूस आहे, तो सांगेल."

रायमरने पडद्यावर चित्रं दाखवली. बंद भट्टीभोवती हिरवळ, पवनचक्क्या, लाभांशाचा उंच निळा खांब. तो चांगलं बोलत होता. लोक मान डोलावत होते, मागून कुणीतरी टाळीही वाजवली. झालं, आता प्रश्न. दोन-तीन किरकोळ आले. मग पंचांपैकी हिनर्क उठला. सकाळचा राग त्याच्या चेहऱ्यावर अजून होता.

"मला ते टक्केबिक्के कळत नाहीत असं नाही, पण कंटाळा येतो. एक सांग. ही नवी कंपनी बुडाली तर भट्टी पाडायची कुणी?"

या प्रश्नाचं उत्तर रायमरच्या कागदावर छापून दिलेलं होतं. 'अशी शक्यता अत्यल्प असून कायद्यानुसार पुरेशी तरतूद केलेली आहे.' वाचायला एक श्वास पुरला असता. त्याने कागद वर उचलला. समोर आंके होती, हिनर्क होता, ज्यांच्याबरोबर तो शाळेत गेला ते होते. मावशी मागच्या बाकावर केक खात होती, त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

रायमरने कागद खाली ठेवला.

"तुम्ही," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही पाडायची, हिनर्ककाका. म्हणजे तुम्ही तोवर नसाल, मी म्हातारा झालेलो असेन. आंकेची मुलं असतील. त्यांच्या करातून, त्यांच्या खिशातून. नव्या कंपनीकडे भट्टीशिवाय काही नाही. कमाई नाही, जमीन नाही, आणि तो एक अब्ज वेगळा काढून कुठेही ठेवलेला नाही. तो कागदावरचा आकडा आहे. मीच मांडलाय तो!"

 शेडमध्ये एकदम सगळेच बोलायला लागले.

"मग इतका वेळ हे काय दाखवत होतास?" कुणीतरी ओरडलं.

"तलाव देतो म्हणून आलास आणि आता हिरावून घेतोस?" आंके ताडकन उभी राहिली. "हॅम्बुर्गात गलेलठ्ठ पगार घ्यायचा आणि इथे येऊन आम्हाला नीती शिकवायची?"

"शिकवत नाही मी," रायमर म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तो पगार मी याच पैशातून खाल्ला. लाभांश तुम्ही याच पैशातून खाल्लात. आज आपण हो म्हटलं तर तलाव भरेल, हे खरं आहे. खोटं एकच आहे, की तो पैसा आपला आहे."

टेल्से मावशी उठली. हातातली बशी तिने शेजारणीकडे दिली.

"आंके, तलाव हवाच. पाहिजे तर मी मेंढ्या विकते, घराघरातून वर्गणी काढू. पण पोरांना पोहायला शिकवायचं आणि त्याचं बिल तीस वर्षांनी त्याच पोरांच्या हातात द्यायचं, व्याजासकट? हे मला नाही जमणार. ती आज या सभेत नाहीत. त्यांना मत नाही. म्हणूनच त्यांच्या खिशात हात घालणं इतकं सोपं आहे!"

वाद तासभर चालला. कुणी म्हणालं, बाकीची गावं हो म्हणतील आणि आपणच मूर्ख ठरू. कुणी म्हणालं, सरकार बघून घेईल. त्यावर हिनर्क खेकसला, "सरकार म्हणजे कोण रे? तुझा मुलगाच की!" शेवटी पंचांनी मतासाठी हात वर केले. योजना एका मताने पडली. विरोधातला शेवटचा हात हिनर्कचा होता. तो वर करताना तो मावशीकडे बघून म्हणाला, "तुझ्यासाठी नाही हं. तो आकडा मला आवडला नाही, म्हणून."

सोमवारी विटॉर्फ साहेबांनी रायमरला बसायलासुद्धा सांगितलं नाही.

"गावाला समजवायला पाठवलं होतं तुम्हाला!"

"समजावलं, साहेब."

"कंपनीची गुपितं फोडलीत!"

"एकही नाही. मी बोललो ते सगळं तुमच्या छापील अहवालात आहे. मी फक्त गावच्या भाषेत सांगितलं."

साहेबांनी समोरचा हिशेब त्याच्याकडे सरकवला. "ही शेवटची संधी. सही करा. बढतीचं अजूनही बघता येईल."

"याखाली माझी सही मिळणार नाही."

"मग दुसऱ्याची मिळेल."

"मिळेल ना. पण माझी नाही!"

वीस वर्षांत आपला आवाज या खोलीत इतका मोठा कधी निघाला नव्हता, हे रायमरला जिना उतरताना जाणवलं.  नोकरी गेल्याचं त्याने घरी मारेनला सांगितलं. मग तिने कर्जाचा हप्ता, तिचा पगार, असं काहीबाही मोठ्याने मोजलं आणि म्हणाली, "यंदा सुट्टीला मावशीकडे जाऊ. कोबी खाऊ महिनाभर." मग तिने कपाटातली ठेवणीतली बाटली काढली.

एप्रिलमध्ये सरपंच आंके स्वतः गाडी चालवत हॅम्बुर्गला आली. तिने दारातच एक पाकीट पुढे केलं. आत ओस्टरकोगच्या वतीने कंपनीच्या सर्वसाधारण सभेत बोलण्याचं आणि मत देण्याचं अधिकारपत्र होतं, रायमरच्या नावाने.

"मी तुझ्या विरोधात मत दिलं होतं," ती म्हणाली. "आजही मला तुझा राग आहे. पण गावाने ठरवलं ते ठरवलं. माझ्यापेक्षा तूच नीट बोलशील. आत येऊ का, की दारातूनच जाऊ?"

सभा मे महिन्यात झाली. हजारो माणसांचं सभागृह, मंचावर लांब टेबल, आणि बाहेरच्या दालनात सॉसेज आणि बटाट्याच्या सॅलडसाठी रांगा. छोटे भागधारक वर्षानुवर्षं त्यासाठीच येत. टेल्से मावशीही आली होती. तिने दोन बशा घेतल्या. "एवढाच लाभांश मी घेणार," असं ती वाढणाऱ्याला म्हणाली.

नाव पुकारल्यावर रायमर ध्वनिक्षेपकापाशी गेला. मंचावर डॉक्टर विटॉर्फ बसले होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"मी ओस्टरकोग गावाच्या वतीने बोलतोय," रायमर म्हणाला. "माझा एकच प्रश्न आहे. नव्या कंपनीला जो एक अब्ज देणार आहात, तो आज कुठल्या बँकेत आहे?"

"आवश्यक ती तरतूद ताळेबंदात केलेली आहे," विटॉर्फ म्हणाले.

"ताळेबंद कोण मांडायचा ते मला ठाऊक आहे. मी बँकेचं नाव विचारतोय."

"ऑडिटरांनी दर मान्य केलेला आहे."

"दर नाही विचारला. बँक विचारली!"

अध्यक्षांनी घंटी वाजवली. "आपली वेळ संपली आहे."

"माझी संपेल. कचऱ्याची नाही संपणार!" एवढं त्याने म्हटलं आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. पण आता सभागृहाच्या उजव्या बाजूने, जिथे किनाऱ्यावरच्या गावांचे लोक बसले होते, तिथून एक बाई ओरडली, "उत्तर द्या!" मग दुसरा आवाज. मग पाय आपटायला लागले. बशा घेऊन दारात उभे असलेले लोक आत आले. "बँक कुठली? बँक कुठली?" मंचावरच्या कुणालाही ते थांबवता येईना. हे लोक कधी क्रांतिकारक नव्हते. कोबीवाले, मासेवाले, शाळामास्तर, सरपंच. दरवर्षी निमूट हात वर करणारे. आज ते पहिल्यांदाच प्रश्न विचारत होते आणि उत्तर मिळत नाही हे बघत होते.

मतमोजणी झाली. बहुमत योजनेच्या बाजूनेच होतं, पण तीन चतुर्थांश मतं पडली नाहीत. वेगळी कंपनी निघाली नाही!

बाहेर पडताना डॉक्टर विटॉर्फ आणि रायमर पायऱ्यांवर समोरासमोर आले. साहेब थकलेले दिसत होते. "बोयेन्स, तुम्ही जिंकलात. पण लिहून ठेवा, याबद्दल तुम्हाला पुढे कुणीही धन्यवाद देणार नाही. तुमचं नावही कुणाला माहीत नसेल."

"तसंच व्हायला हवं, साहेब," रायमर म्हणाला. "आमच्याकडे जो बांध फुटला नाही, तो कुणी राखला हे कुणी विचारत नाही. लोक रात्री झोपतात, एवढंच."

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. गावांचा रेटा सुरूच राहिल्याने कंपनीला भट्टी लगेच पाडायला घ्यावी लागली, आणि बराच काथ्याकूट होऊन त्यासाठीचा पैसा बाहेरच्या बँकेत, कंपनीला हात लावता येणार नाही असा ठेवावा लागला. लाभांश घसरला. ओस्टरकोगचा तलाव अजून अर्धाच दुरुस्त झालाय, कारण वर्गणी सावकाश जमते आणि हिनर्क दर महिन्याला हिशेब मागतो. रायमर एका दूध संघात हिशेब लिहितो. पगार जेमतेम पूर्वीच्या निम्मा, आणि मारेन त्यावरून टोमणे मारायची संधी सोडत नाही. पण गेल्या शरदात भट्टीची पहिली भिंत कापली तेव्हा अख्खं गाव बांधावर उभं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपलं काम आपल्या डोळ्यांदेखत होताना माणूस जसा शांत होतो, तसे सगळे शांत होते.

वाचकहो, अणुभट्टी सगळ्यांच्याच दारात नसते. पण आपल्या सुखाचा उकिरडा प्रत्येक गावाबाहेर असतो. आटवलेली नदी असते, पोखरलेला डोंगर असतो, 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकललेला खर्च असतो. उपभोग आपला आणि निस्तरणं नातवंडांचं, असा हिशेब कितीही नियमात बसला, त्याखाली कितीही मोठ्या माणसांच्या सह्या असल्या, तरी तो हिशेब नव्हे, ती चोरी आहे! आणि ज्यांच्या घरात ही चोरी होते, ते अजून जन्मालाही आलेले नाहीत. ते सभेला येऊ शकत नाहीत, हात वर करू शकत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी कुणी हसतमुखाने "आकडा तेवढा बसवून द्या" म्हणालं, तर त्यांच्या वतीने उभे राहा आणि विचारा, पैसा कुठे आहे? उत्तर मिळालं नाही, तर "नाही" म्हणा. आवाज कापला तरी चालेल, पण ऐकू जाईल असं म्हणा!